झोपाळा कुठे टांगायचा?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

आदरणीय ताई,

गेल्या दिवाळीत आम्ही ठाण्यात ६८० चौरस फूट कार्पेटचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. सजावटीचे काम एका तरुण डिझायनरकडे दिले असून त्याने सगळे घर बेज आणि पांढऱ्या रंगात ‘मिनिमल’ करायचे ठरवले आहे. त्याने पाठवलेली चित्रे मला मनापासून आवडली. मात्र मार्चमध्ये सांगलीजवळचे गावातले घर विकले गेले आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या. त्यांच्याबरोबर शिसवी झोपाळा, पितळेची चौदा भांडी आणि एक लोखंडी कपाटही आले. त्यांनी तोंडाने काही मागितलेले नाही, पण झोपाळा हॉलमध्ये लागेल असे त्या गृहीत धरून आहेत. (दुपारी चार वाजता त्या हॉलमध्ये येतात, जरा उभ्या राहतात आणि परत खोलीत जातात.) डिझायनरचे म्हणणे असे, की झोपाळ्याच्या फळीला पांढरा रंग देऊन ती बाल्कनीत बाक म्हणून ठेवावी, भांड्यांपैकी दोन शोभेला मांडावीत आणि बाकीची माळ्यावर टाकावीत. नवऱ्याचे म्हणणे, ‘तुम्ही दोघी काय ते ठरवा.’ मला घर देखणेही हवे आहे आणि आईंना दुखवायचेही नाही. काय करू?

— माळा भरलेली, ठाणे

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे. रंग, सोफा, माळा आणि डिझायनर यांच्याविषयी तुम्ही भरभरून लिहिले आहे, आणि सासूबाई चार वाजता हॉलमध्ये येऊन, जरा उभ्या राहून परत फिरतात ही गोष्ट मात्र ओझरती, जणू चुकून सांगितली आहे. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी त्या कंसापाशीच थांबले, कारण तुम्ही सजावटीचा म्हणून जो प्रश्न विचारला आहे तो माझ्या मते मुळात बैठकीचा प्रश्न आहे. तो सुटला की रंगाचा आणि भांड्यांचा गुंताही बराचसा सैल होईल.

गावाकडच्या घरात बसायच्या जागा ठरलेल्या असत. सकाळी भाजी निवडायला माजघराचा उंबरा, दुपारी धान्य पाखडायला पडवी, दिवेलागणीला ओटीवरचा झोपाळा, अशा रीतीने घरातली बाई दिवसभरात उन्हाच्या मागे मागे घरभर फिरत असे आणि प्रत्येक जागी तिच्या हाताला काही काम आणि नजरेसमोर कोणीतरी येणारे-जाणारे असे. फ्लॅटमध्ये या सगळ्या जागा मिळून एकच हॉल उरतो, आणि त्या हॉलमध्ये हल्ली एल आकाराचा, सबंध खोलीकडे पाठ करून टीव्हीकडे तोंड फिरवलेला एक भलामोठा सोफा असतो. तुमच्या डिझायनरच्या चित्रातला सोफाही तसाच आहे. तो दिसायला सुरेख आहे यात शंका नाही, पण अशा सोफ्याची बैठक इतकी खोल आणि इतकी बुटकी असते, की साधारण पाच फूट उंचीच्या बाईने पाठ टेकवली तर पाय अधांतरी राहतात आणि पाय टेकवले तर पाठ मोकळी पडते, आणि उठायची वेळ आली की गुडघे नको म्हणतात. झोपाळ्याची फळी कडक असते, जमिनीपासून सतरा-अठरा इंचांवर असते आणि उठताना धरायला हाताशी साखळी असते. सासूबाईंची झोपाळ्यावरची ओढ निव्वळ गावच्या आठवणींची असेल असे तुम्हाला वाटत असेल, तर एकदा दोन्हींवर बसून उठून पाहा.

तेव्हा माझे मत असे, की झोपाळा हॉलमध्येच टांगावा आणि त्या बदल्यात एल आकाराच्या सोफ्याचा आडवा पाय कापून टाकावा. सरळ, तीन माणसांचा, साडेसहा फुटी सोफा एका भिंतीला लावा आणि उरलेला कोपरा झोपाळ्याला द्या. झोपाळ्याची फळी सामान्यतः चार फूट लांब आणि पावणेदोन फूट रुंद असते; हलके झोके घ्यायचे तर पुढे-मागे दोन-दोन फूट मोकळे हवेत, म्हणजे जेमतेम सहा फुटांची पट्टी लागेल. ही जागा फार वाटते खरी, पण झोपाळा जागा अडवतो ती झुलत असेपर्यंतच, आणि एरवी ती घरातल्या सगळ्यांची जायची-यायची वाट असते. सोफ्याने एकदा जागा घेतली की ती त्याच्या नावावर झाली. शिवाय जागा निवडताना झोपाळ्यावर बसणाऱ्याच्या एका हाताला खिडकी आणि समोर घराचे दार येईल असे पाहा. ज्या व्यक्तीने आयुष्यभर ओटीवरून दारात कोण आले ते पाहिले आहे, तिला टीव्हीच्या समोर बसवून चालायचे नाही.

आता टांगण्याविषयी थोडे तपशिलाने लिहिते, कारण इथे हौशी कारागिराच्या भरवशावर राहण्यात धोका आहे. जुन्या घरात झोपाळ्याच्या कड्या सागवानी तुळईला ठोकलेल्या असत आणि ती तुळई चार माणसांचे वजन पिढ्यानपिढ्या तक्रार न करता पेलत असे. तुमच्या इमारतीत वर काँक्रीटचा स्लॅब आहे, त्यात विजेच्या तारांच्या नळ्या पुरलेल्या आहेत, आणि काही नव्या इमारतींत तर स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी तारा असतात, ज्यांना ड्रिलचे टोक लागले तर मोठा अनर्थ होऊ शकतो. म्हणून आधी सोसायटीच्या कार्यालयातून स्लॅब कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारून घ्या, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून भोके कुठे पाडायची ते खडूने आखून घ्या, आणि मगच चारही कड्यांसाठी योग्य जाडीचे अँकर फास्टनर बसवा. शिसवाची फळी आणि साखळ्या मिळूनच पस्तीस-चाळीस किलो भरतात, त्यावर तीन माणसे बसली की दोनशे चाळीसच्या पुढे मजल जाते, आणि झोका घेताना, त्यातही कोणी धपकन बसले तर, कड्यांवरचा ताण या वजनापेक्षा बराच वाढतो. एवढा भार पीओपीच्या फॉल्स सीलिंगला अर्थातच पेलवणार नाही, तेव्हा हूक सीलिंग पार करून थेट काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत. इंजिनिअरने नाही म्हटले तर मात्र नाहीच. मग लाकडी चौकटीवर टांगायचा झोपाळा करून घ्यावा लागेल, जो चार पायांमुळे थोडी जास्त जागा खाईल पण स्लॅबला हात लावणार नाही.

फळीला पांढरा रंग देण्याची सूचना वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. शिसवाला रंग लावणे म्हणजे काळ्या चंद्रकळेला चुन्यात बुडवून काढणे आहे, आणि तो रंग पुढे कधी खरवडून काढायचा म्हटला तर लाकडाच्या रंध्रांत शिरलेली पांढरी रेघ काही केल्या जात नाही. फळी ओल्या फडक्याने पुसून, एक दिवस सावलीत वाळवून, बारीक पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा आणि मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पुसून काढा, नाहीतर ते चिकट होऊन त्यावर धूळ बसते. (ज्या फडक्याने तेल पुसाल ते चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, मोकळे पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचे बोळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात.) फळीच्या उजव्या कडेला बहुधा बारीक चरे सापडतील. झोपाळ्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरणाऱ्या घरात ते असतातच, आणि पॉलिशवाला ते भरून देतो म्हणाला तरी भरू देऊ नका.

रंगाकडे येते. बेज हा रंग वाईट नाही. राजगिऱ्याच्या लाडवाचा जो रंग, तोच तो, आणि राजगिऱ्याचा लाडू आपण आवडीने खातो, पण रोज तिन्ही वेळा नव्हे. सगळेच्या सगळे घर पांढरे आणि फिकट ठेवण्याची जी शैली आज सर्वत्र दिसते, तिचे मूळ बऱ्याच अंशी स्वीडन-डेन्मार्कसारख्या उत्तरेकडच्या देशांत आहे. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, त्यामुळे तिथल्या माणसाला मिळेल तो उजेड भिंतींवर खेळवून घरभर पुरवावा लागतो. आपली अडचण नेमकी उलट आहे. आपल्याकडे मार्चपासून उजेड डोळ्यांवर येतो, म्हणून वाड्यांची माजघरे मुद्दाम अंधारी ठेवलेली असत आणि उजेड हवा असेल तेव्हा माणसे चौकात जाऊन बसत. शिवाय ठाण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल येते आणि एरवी रस्त्याची धूळ येते, आणि या दोन्हींशी पांढऱ्या कापडाचे कधीच पटलेले नाही. मी स्वतः एकदा मासिकातले चित्र पाहून सोफ्याला दुधासारखी शुभ्र खोळ शिवून घेतली होती. पहिल्याच रविवारी पाहुण्यांच्या हातातला बटाटेवड्याचा हिरव्या चटणीसकट तुकडा तिच्यावर पडला, आणि पुढची दोन वर्षे ती जागा एका उशीने झाकण्यात गेली. पाहुणे उशी उचलून मांडीवर घेत आणि मी त्यांच्याकडे पाहत राही.

म्हणून भिंती हव्या तर खुशाल फिकट ठेवा, त्यात तुमची हौसही होईल, पण खालच्या वस्तूंना रंग असू द्या. सोफ्याचे कापड गडद निळे किंवा वीटकरी घ्या, शिसवाच्या काळसर तपकिरी रंगाशेजारी ही दोन्ही उठून दिसतात. सासूबाईंच्या जुन्या इरकलीपैकी एखादी विरलेली असेल तर तिच्या काठांची झोपाळ्यासाठी पातळ गादीची खोळ शिवून घ्या. मात्र कात्री लावण्याआधी साडी कोणती ते त्यांनाच निवडू द्या, कारण विरलेली साडी आणि टाकाऊ साडी यांतला फरक तुम्हाला किंवा मला बाहेरून कळणार नाही.

रंगापेक्षाही दिवे महत्त्वाचे आहेत, आणि याकडे डिझायनरांचे लक्ष अनेकदा छतातल्या झगमगाटापलीकडे जात नाही. दिव्याच्या खोक्यावर के अक्षराच्या आधी एक आकडा छापलेला असतो. ६५०० म्हणजे दवाखान्यासारखा निळसर पांढरा उजेड आणि २७०० ते ३००० म्हणजे समईच्या जवळ जाणारा पिवळसर. स्वयंपाकाच्या ओट्यावर पांढरा उजेड असू द्या, तांदळातला खडा दिसायला हवा. हॉलमध्ये मात्र ३०००चे दिवे लावा आणि झोपाळ्याजवळ एक कमी उंचीवरचा, वेगळ्या बटणाचा दिवा ठेवा, म्हणजे संध्याकाळी पोथी वाचायला सबंध छत पेटवावे लागणार नाही. सीलिंगचे काम जितके कमी कराल तितके बरे. साडेनऊ फुटांच्या खोलीतले सहा इंच उगाच कशाला द्यायचे?

या पिवळ्या उजेडात तुमची पितळेची भांडी काय दिसतील याची तुम्हाला अजून कल्पना नाही. हल्ली शहरातल्या महागड्या दुकानांत जुना हंडा किंवा पानाचा डबा ‘व्हिंटेज’ म्हणून हजारोंनी विकला जातो आणि लोक तो कौतुकाने घरी नेतात. तुमच्या बाबतीत काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत होऊ घातली आहे. पण चौदाच्या चौदा भांडी हॉलमध्ये ओळीने मांडलीत तर घराचे बोहारणीचे दुकान होईल, हेही खरे. निवड करताना कोणते भांडे सुंदर आहे हे पाहू नका, कोणते भांडे या घरात काम करील हे पाहा. परातीत कणीक मळली जावी, तपेल्यात वरणाची डाळ शिजावी, डब्यात पोहे राहावेत, आणि घंगाळ किंवा कळशी असे एखादे मोठे भांडे दारापाशी छत्र्या ठेवायला किंवा गणपतीत पाण्यावर फुले सोडायला बाहेर यावे. वापरातले पितळ रोजच्या हाताळण्याने आपोआप उजळ राहते, आणि शोभेचे पितळ महिन्याभरात काळवंडून तुमच्या नावाने बोटे मोडते.

वापरण्याआधी मात्र आतून कल्हई हवी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, आणि ताक, चिंच किंवा आमसूल यांच्याशी त्याची गाठ पडली की पदार्थ कळकतो आणि पोटालाही बाधतो. कल्हईवाला पूर्वी दारावर येऊन भाता मांडत असे, तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकली की पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि कापसाच्या बोळ्याने तो कथील असे फिरवी, की काळे भांडे क्षणात चांदीचे होई. आम्ही मुले शाळेला उशीर करून ते पाहत उभी राहत असू. आता त्याला शोधावे लागते, पण जुन्या बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानदारांना विचारल्यास पत्ता मिळतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवून फोनवर बोलायला जाऊ नका. बाहेरून घासायला चिंच आणि मीठ पुरे आहे. चिंचेतले आम्ल काळा थर सोडवते. भांडे धुतल्यावर लगेच कोरडे पुसा, नाहीतर पाण्याचे ठिपके तसेच राहतात. उरलेली भांडी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवायला माझी हरकत नाही, फक्त ती सासूबाईंच्या देखत ठेवा आणि दिवाळीला काढण्यासाठी म्हणून ठेवा. लोखंडी कपाट त्यांच्या खोलीत जसे आहे तसे राहू द्या, त्यावर चर्चाही नको.

आता हे त्यांच्याशी बोलायचे कसे. ‘आई, झोपाळा हॉलमध्ये लावला तर चालेल का?’ असे विचारलेत तर ‘तुम्हाला बरे वाटेल तसे करा’ हे उत्तर येईल, आणि आपल्या घरांत या वाक्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय त्या विकलेल्या घरातून आल्या आहेत. जिचे स्वतःचे छप्पर नुकतेच गेले आहे ती बाई दुसऱ्याच्या घरात जागा मागत नाही. म्हणून लावायचा की नाही हे विचारूच नका, कसा लावायचा ते विचारा. खिडकी डाव्या हाताला हवी की उजव्या, फळी किती उंचीवर, चहाचा कप ठेवायला बाजूला चौरंग ठेवू की तिपाई, हे प्रश्न घेऊन टेप हातात धरून त्यांना हॉलमध्ये उभे करा. खुर्चीवर बसवून त्यांच्या गुडघ्यामागपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि फळीची उंची तेवढीच ठेवा. त्या दिवशी त्या तुमच्या डिझायनरला दोन गोष्टी सुनावतील असाही संभव आहे, तेवढे त्याला आधी सांगून ठेवा.

तुम्हीही या सगळ्यात त्यागमूर्ती होऊ नका. घर देखणे असावे ही इच्छा कोणाची क्षमा मागण्यासारखी नाही. तुमची बेडरूम तुम्हाला आवडली तशी, डिझायनरच्या चित्राप्रमाणे अगदी तंतोतंत करून घ्या, त्यात पांढरे पडदे लावा, आणि त्या खोलीत कोणतेही पितळ, कोणताही वारसा आणि कोणाचाही सल्ला, माझाही, शिरू देऊ नका. हॉलमधला सोफा लहान झाल्यामुळे वाचलेल्या पैशांतून खिडकीपाशी तुमच्यासाठी एक चांगली आरामखुर्ची येईल. ती मात्र झोपाळ्याच्या झोक्यात येणार नाही अशी ठेवा.

राहता राहिले तुमचे यजमान. ‘तुम्ही दोघी काय ते ठरवा’ हे वाक्य ऐकायला उदार वाटते, पण त्यांच्या आईचा झोपाळा आणि त्यांच्या बायकोचा हॉल यांच्यामध्ये जो माणूस उभा राहायला हवा तोच या वाक्याने अलगद बाल्कनीत निघून जातो. त्यांच्यावर दोन कामे सोपवा. सोसायटीच्या कार्यालयाचे हेलपाटे आणि इंजिनिअरची वेळ हे पहिले, आणि महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी चिंच घेऊन पितळ घासणे हे दुसरे. दुसऱ्या कामाला ते कुरकुर करतील. करू द्या.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. कड्यांची भोके रंगकामाच्या आधी पाडून घ्या आणि त्या वेळी हॉलमधले सगळे सामान प्लास्टिकने झाका. रंगानंतर पाडलीत तर सिमेंटची भुकटी त्या ताज्या बेज भिंतींवर बसेल, रंगारी पुन्हा एका हाताचे पैसे मागेल, आणि दोष मात्र झोपाळ्याच्या माथी येईल.

तुमची,
ताई